सात तारखेचं पाकीट

नाशिक रोड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. तू माझा नंबर बंद केलास, पण पोस्टमनला तसं बंद करता येत नाही, म्हणून लिहिते. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, तेजश्रीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तिने आधी नाहीच म्हटलं होतं. मी तिच्या दारात तासभर बसून राहिले, मग दिला.

कागद बघून चिडशील. तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात छापलेल्या कागदांचा एक बारीक गठ्ठा राहिला होता. तुझ्या त्या चिनी लोकांना इंग्रजी शिकवायचे धडे. एक बाजू कोरी आहे. पाठकोरे कागद टाकून द्यायचे नाहीत ही तुझ्या बाबांची सवय, ती मला लागली आहे. तुला हवे असतील तर असे एकेक परत मिळतील.

काम असं आहे. बाबांना जाऊन पावणेदोन वर्षं होत आली, त्यांच्या पेन्शनचा अर्ज मी अजून केलेला नाही. देवव्रत भाऊजी म्हणाले होते, मी बघतो वहिनी. त्यांचं बघणं तुला माहीत आहे. शेवटी मीच गेले. चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देतात तिथे तेजल म्हणून एक मुलगी आहे, बोलायला फटकळ पण कामाला चांगली. तिने कॉम्प्युटरवर काढून दाखवलं.

"काकू, काकांनी नोकरी सोडल्याची तारीख इथे तीस जून दोन हजार एकवीस आहे."

मी म्हटलं, "चूक आहे. तेवीसच्या जानेवारीत आजारी पडले, तोपर्यंत कामाला जात होते."

"मग कंपनीकडून लिहून आणा. मला नाही बदलता येत."

"अगं मी रोज डबा भरून दिलाय त्यांना."

"डब्याचा पुरावा चालत नाही हो काकू," म्हणाली आणि हसली. मग माझ्याकडे बघितलं आणि पाणी दिलं.

ती म्हणते, आहे त्या तारखेवर सही केली तरी पेन्शन मिळेल. पण त्या तारखेवर सही केली तर शेवटचं दीड वर्ष हे रोज सकाळी खोटं बोलून घरातून बाहेर पडत होते असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. मी सही केली नाही. तुला इंग्रजी येतं. कंपनीला एक पत्र लिहून पाठव, एवढंच मागते.

अजून एक. बाबांच्या तेराव्याला तू पंक्तीत मठ्ठा वाढत होतीस. वाढता वाढता भांडं खाली ठेवलंस आणि आत गेलीस. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेलीस ती गेलीसच. मी एवढंच म्हटलं होतं की ह्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या पगारावर घर चालवलं, लेकीच्या पैशाला आम्ही हात लावला नाही. आपल्यात आईबापांनी असंच राहायचं असतं. यात तुला काय लागलं ते मला अजून कळलेलं नाही.

थंडी पडायला लागली आहे. तुझी शाल इथेच आहे.

आई


नाशिक रोड
९ डिसेंबर २०२४

चि. मृण्मयी,

तीन आठवडे झाले, तू उत्तर दिलं नाहीस. मग म्हटलं तुझ्याच कागदांना विचारू.

इंग्रजी अक्षरं मला येतात. वणीला सातवीपर्यंत शिकले तेवढी, आणि नंतर औषधांच्या खोक्यांवरून, बसच्या पाट्यांवरून जमवलेली. शब्द लावून वाचता येतो पण अर्थ लागत नाही. बाबांची जुनी डिक्शनरी काढली. दुपारी जेवण झालं की दोन तास बसते. आधी तुझा धडा वहीत उतरवून घेते, मगच त्याच्या पाठीवर तुला लिहिते. नाहीतर माझा अभ्यास पोस्टाने निघून जायचा.

डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे चिनी. त्या चिनी अक्षरांकडे मी खूप वेळ बघते. एकेक अक्षर म्हणजे दारंखिडक्या असलेलं छोटं घर दिसतं. आत कोण राहतं ते कळत नाही. तिकडे कोणी माझ्या वयाची बाई हाच धडा घेऊन बसली असेल का, असं मनात येतं. तिला इंग्रजी बाजू घरासारखी दिसत असेल.

तू पहाटे पाचला आतल्या खोलीत दार लावून "गुड मॉर्निंग" सुरू करायचीस तेव्हा मी चिडायचे. कॉलनीत कोणी विचारलं तर सांगायचे, मृण्मयी कॉम्प्युटरमध्ये आहे. चिनी लोकांना शिकवते असं कधी सांगितलं नाही. आता धडे वाचल्यावर वाटतं, किती नीट शिकवत होतीस.

तिसरा धडा पगाराचा आहे. रोजावरच्या माणसाला मिळतं ते वेजेस, महिन्याला मिळते ती सॅलरी. ग्रॉस म्हणजे कागदावरचा सगळा पगार, डिडक्शन्स म्हणजे त्यातून कापलेलं, नेट म्हणजे उरलेला. टेक-होम पे हा शब्द मला आवडला. घरी न्यायचा पगार. आणि ब्रेडविनर. ज्याच्या कमाईवर घर जेवतं तो. आपल्याकडे कर्ता म्हणतात.

मग तुझं वाक्य आहे, मिस्टर लिनना दर महिन्याच्या सात तारखेला पगार मिळतो. मी हसले. म्हटलं, चीनमध्येसुद्धा सात तारीख? थोड्या वेळाने लक्षात आलं की ही सात तारीख आपल्या घरातली आहे.

माझं सासरचं घर पंचवटीत भिक्षुकीवर चाललेलं. तुझे आजोबा यजमान आला तर दक्षिणा आणायचे, नाही आला तर नाही. बाबा म्हणायचे, "श्यामला, आमच्या घरात पैसा यायचा, पण कधी येणार ते कोणाला माहीत नसायचं. मला तारीख असलेला पैसा हवा होता." म्हणून ते सातपूरच्या कंपनीत स्टोअर्सला लागले. पगार पुढे बँकेत जायला लागला तरी सात तारखेला मशीनमधून काढून आणायचे, पाकिटात घालायचे, वर महिन्याचं नाव लिहायचे, देवापुढे ठेवायचे. दिवा लागला की स्वतः उचलून माझ्या हातात द्यायचे. मी ते पाकीट देवापुढून कधी उचललं नाही. ज्याने कमावलं त्यानेच उचलून द्यायचं, असा नेम होता. आणि किती आहेत ते मी कधी विचारलं नाही, तोही नेमच.

बिस्किटांच्या डब्यात त्यांच्या पगाराच्या स्लिपा आहेत. मी सगळ्या काढून तारखेने लावल्या. ग्रॉस, डिडक्शन्स, नेट, आता मला वाचता येतं. शेवटची स्लिप जून एकवीसची आहे. तिच्या मागे आणखी एक कागद टाचला आहे. त्यावर फुल अँड फायनल सेटलमेंट असं लिहिलं आहे. तिन्ही शब्द डिक्शनरीत सापडले, पण एकत्र म्हणजे काय ते नीट कळलं नाही.

पाकिटंही मी टाकत नाही, हे तुला माहीत आहे. एकात भोपळ्याच्या बिया, एकात हूक, एकात देवळाचा अंगारा. सगळी रिकामी करून जमिनीवर मांडली. जुलै एकवीसपासून जानेवारी तेवीसपर्यंत एकोणीस पाकिटं आहेत. एकाचीही स्लिप नाही. अठरांवर महिन्याचं नाव बाबांच्या अक्षरात आहे. शेवटच्यावर तुझ्या.

ते शेवटचं मला आठवतं. बाबा दवाखान्यात होते. सात फेब्रुवारीला तू घरी आलीस, देवापुढे पाकीट ठेवलंस, दिवा लावलास, आणि उचलून माझ्या हातात दिलंस. म्हणालीस, बाबांनी सांगितलंय.

स्लिपा दुसरीकडे ठेवल्या असतील. माळ्यावर बघायचं राहिलं आहे.

आई


नाशिक रोड
२६ डिसेंबर २०२४

चि. मृण्मयी,

माळ्यावर काही नव्हतं.

निजामभाई आठवतात ना? बाबांच्या स्टोअर्समधले. तू लहान असताना ईदला शीरखुर्मा घेऊन यायचे. आता देवळाली गावात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. मी आपला मिक्सर घेऊन गेले. मिक्सरला काही झालेलं नाही हे त्यांनी बटण दाबताच ओळखलं.

"भाभी, हा तर चालतोय."

"चालतोच आहे."

त्यांनी पोऱ्याला चहाला पाठवलं आणि माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी शेवटची स्लिप आणि तो टाचलेला कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

"गुरुजींनी शपथ घातली होती, भाभी."

कंपनीत बाबांना गुरुजी म्हणायचे.

मी म्हटलं, "ज्याने शपथ घातली तो गेला, निजामभाई. आता मला एका तारखेवर सही करायची आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्या जूनमध्ये स्टोअर्समधली नऊ माणसं एकदम कमी केली. हे दोघे त्यात. जो हिशेब मिळाला तो बाबांनी सगळा घराच्या कर्जात भरला. "म्हणाले, निजाम, छप्पर तरी तिच्या नावावर मोकळं राहू दे. मी म्हटलं, और खाओगे क्या? तर म्हणाले, बघू. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटले तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाले, माझ्या पोरीला कळलं."

"कसं कळलं?"

"वाचनालयात दिसले तिला. दुपारी. डबा उघडून बसले होते. ती काहीतरी झेरॉक्स काढायला आली होती. भाभी, ती सरळ आत आली म्हणे. समोर बसली आणि डब्यातली अर्धी पोळी घेतली."

मी विचारलं, "पाकिटाचे पैसे?"

निजामभाई मिक्सरची वायर गुंडाळायला लागले. "लय रडले गुरुजी ते सांगताना. म्हणाले, लेकीचं खातोय आणि तिच्या आईला सांगायचं तोंड नाही. पोरीकडून वचन घेतलं त्यांनी. मरेपर्यंत नाही सांगायचं, मी गेल्यावरही नाही. मी म्हटलं, गुरुजी, हे जादा झालं. ऐकलं नाही."

मिक्सर घेऊन बसने परत आले. घरी येऊन तुझा गठ्ठा उपसला. चौदावा धडा काढला. तो मी आधी अवघड म्हणून बाजूला ठेवला होता. आता एकेक शब्द लावला. मिस्टर लिन वॉज लेड ऑफ इन जून. मिस्टर लिनना जूनमध्ये कामावरून कमी केलं. ते अजूनही सात चाळीसला घरातून निघतात. त्यांची बायको डबा भरते. त्यांची मुलगी आता घराची ब्रेडविनर आहे. आणि शेवटचं वाक्य, नोबडी टेल्स हर मदर.

ते वाचायला डिक्शनरी लागली नाही.

किती लोकांना शिकवलास हा धडा, मृण्मयी? किती चिनी माणसांनी हे वाक्य तुझ्यामागे म्हटलं असेल, आणि भिंतीपलीकडे मी पोळ्या लाटत होते.

आधी तू दर महिन्याला मला पैसे द्यायला यायचीस. मी परत करायचे. म्हणायचे, तुझ्या लग्नाला ठेव, आम्हाला मुलीचे नकोत. त्या ऑगस्टपासून तू विचारणं बंद केलंस. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली.

दवाखान्याचं बिलही तूच भरलंस. खिडकीवर मला म्हणालीस, कंपनीचा विमा आहे.

हा धडा मी पाठवत नाही. माझ्याकडेच ठेवते. हे पत्र दुसऱ्या कागदावर आहे.

आई


नाशिक रोड
२० जानेवारी २०२५

चि. मृण्मयी,

मागचं पत्र टाकल्यापासून नीट झोप नाही. पण कारण ते पत्र नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती चार वेळा लिहून फाडली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू का गेलीस ते मला कळलेलं नाही. ते पूर्ण खरं नव्हतं.

त्या दिवसांत बाबा दर शनिवारी माझ्यासाठी एक पुस्तक आणायचे. म्हणायचे, कंपनीने लायब्ररी काढली आहे. तोपर्यंत मी पेपर आणि पोथी एवढंच वाचत होते. त्या एकोणीस महिन्यांत मी वाचायला लागले. प्रवासाची, चरित्रं, गोष्टींची, मिळेल ते. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर निळा शिक्का असायचा. आपल्या चौकामागच्या वाचनालयाचा. मराठीत. मला वाचता येत होतं, मृण्मयी.

आणि त्यांच्या शर्टाची कॉलर. स्टोअर्समध्ये तेलाचे डबे, सगळ्या कपड्यांना तो वास असायचा. मी तीस वर्षं कॉलर सोड्यात भिजत घालत आले. मग भिजवायची गरज राहिली नाही. मी काय म्हटलं असेल स्वतःला? म्हटलं, साबण चांगला आला आहे.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला ते काय करणार होते? डबा घेऊन निघणारा माणूस मला हवा होता. पैसे कुठून येतात इथपर्यंत मी माझं मन जाऊच दिलं नाही. गेलं असतं तर उत्तर आतल्याच खोलीत होतं, पहाटे पाचपासून बोलत होतं.

तेराव्याला देवव्रत भाऊजी कोणाला तरी सांगत होते की दादाच्या कंपनीने म्हणे बरीच माणसं काढली होती. पुढे काय बोलतील या भीतीने मी मोठ्याने ते वाक्य म्हटलं. शेवटपर्यंत स्वतःच्या पगारावर. लेकीच्या पैशाला हात लावला नाही. त्यांची लाज राखायला तुला पुसून टाकलं, आणि ते तू हातात मठ्ठ्याचं भांडं घेऊन ऐकलंस. वचन दिलेलं असल्यामुळे तुला ब्रसुद्धा काढता आला नाही.

यावर क्षमा माग असं मला कोणी सांगायला नको. पण ती चिठ्ठीत मागून भागणार नाही. जे चौदा माणसांच्या पंक्तीत बोलले ते तिथेच परत घ्यायला हवं. तिथीने सतरा फेब्रुवारीला बाबांचं श्राद्ध आहे. त्याच माणसांना बोलावते आहे.

भाऊजींना आधी सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, दादा गेला. आता त्याची अब्रू का काढता?"

तुझी सुवर्णाकाकू शेजारी बसून हरभरे सोलत होती. तीही म्हणाली, "मुलीचं खाल्लं असं चार लोकांत सांगायचं? आणि उद्या तिचं लग्न जमवताना लोक म्हणतील, ही माहेर पोसणारी."

मी म्हटलं, "ती एकतीस वर्षांची आहे. लोक तिच्या लग्नाला येणार नाहीत, जेवायला येतील."

भाऊजी हसले नाहीत.

तुझा आणखी एक धडा आज पाठवते, पण त्याच्या पाठीवर नेहमीसारखं पत्र नाही. मी इंग्रजीत दहा वाक्यं लिहिली आहेत. बहुतेक पगाराचीच आहेत, कारण मला तेवढेच शब्द येतात. डिक्शनरी बघून केली, कोणाला विचारलं नाही. माय हजबंड वॉज अ गुड मॅन, हे पहिलं. माय डॉटर पेड फॉर अवर फूड, हे सहावं. दहावं तू स्वतः वाच.

तपासून दे. एवढं तरी तू करशील. शिकवणाऱ्याला वही परत द्यावीच लागते.

आई


नाशिक रोड
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयी,

काल झालं.

तू आली नाहीस. मी दाराकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, पण बघत होते.

सकाळी रामकुंडावरचे विधी भाऊजींनी केले. दुपारी घरी पंक्ती. तेराव्याला होती तीच माणसं, दोन कमी. एक गेले आणि एकांना गुडघ्याने येववलं नाही. निजामभाईंनाही बोलावलं होतं. ते वेळेआधी येऊन कोपऱ्यात खुर्चीवर बसले. बाबांच्या पंचवटीच्या गोदूआत्या आल्या होत्या. आता त्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही.

देवापुढे मी ती एकोणीस पाकिटं मांडली होती. बिया आणि हूक काढून, पुसून. प्रत्येकावर महिन्याच्या खाली तुझं नाव लिहिलं आहे. आल्यापासून सुवर्णा तिकडे बघत होती आणि मला डोळ्यांनी नको नको सांगत होती.

वाढून झालं. मी मठ्ठ्याचं भांडं घेऊन उभी राहिले, जिथे तू उभी होतीस तिथेच. म्हटलं, तेराव्याला मी याच पंक्तीत एक खोटं बोलले होते. ह्यांची नोकरी एकवीसच्या जूनमध्ये गेली. पुढचे एकोणीस महिने या घरात जो किराणा आला, जे लाइटबिल भरलं, आणि शेवटचं दवाखान्याचं बिल, ते सगळं मृण्मयीच्या कमाईतून.

घास हातात होते ते हातातच राहिले.

तेवढ्यात गोदूआत्या म्हणाल्या, "काय म्हणाली गं ही?"

भाऊजी म्हणाले, "काही नाही आत्या, जेव."

"काही नाही कसं? सगळ्यांची तोंडं बघ. श्यामला, मोठ्याने बोल."

मृण्मयी, पहिल्यांदा मी घोकलेलं होतं. दुसऱ्यांदा घोकलेलं काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हटलं, "एकोणीस महिने आम्ही लेकीच्या पैशावर जेवलो! ती चिनी लोकांना शिकवते. पहाटे पाचला उठून. आणि मी तुमच्यासमोर सांगितलं की आम्ही तिचं काही घेतलं नाही!"

गॅलरीतून शेजारचे डोकावले असतील. असू देत.

आत्यांनी मठ्ठ्याची वाटी पुढे केली. म्हणाल्या, "मग? पोट भरलं होतं ना?"

मी म्हटलं, "भरलं होतं."

"मग तिला तसं कळवलंस का?"

निजामभाई उठले, माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पंक्तीला मठ्ठा वाढायला लागले. भिक्षुकाच्या घरचं श्राद्ध, आणि निजामभाई वाढताहेत. भाऊजींनी तोंड उघडलं, आत्यांकडे बघितलं आणि मिटलं. नंतर त्यांनी निजामभाईंकडे दुसऱ्यांदा मठ्ठा मागितला. त्यांच्याकडून मला तेवढं पुरे आहे.

जाताना सुवर्णा दारात थांबली. म्हणाली, "वहिनी, माझ्या तेजस्विनीचेही पैसे येतात हो दर महिन्याला. हे कोणाला सांगू देत नाहीत." आणि भरभर जिना उतरून गेली.

आज सकाळी तेजलकडे गेले आणि तीस जूनच्या तारखेवर सही केली. ती म्हणाली, "काकू, मिळालं का कंपनीचं पत्र?" मी म्हटलं, नाही, तारीख बरोबर आहे.

घरी आले तर सगळं आवरायचं पडलं होतं. पाटसुद्धा उचलले नव्हते. मी त्यातल्याच एका पाटावर बसून हे लिहिते आहे. कोणी विचारलं की बरं वाटतं का, तर मला सांगता यायचं नाही. हलकं वगैरे काही वाटत नाही. खूप दिवसांचं काम संपल्यासारखं वाटतं.

आत्यांनी विचारलं ते कळवते. पोट भरलं होतं.

आई


नाशिक रोड
७ मार्च २०२५

चि. मृण्मयी,

परवा पोस्टमन आला. पाकिटावर तुझं अक्षर. मी दारातच उघडलं, आतपर्यंत जायचा धीर नव्हता.

आत पत्र नव्हतं. माझी दहा वाक्यं होती, लाल पेनने तपासलेली. तू जवळजवळ प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात नीट करून लिहिलं आहेस. सहाव्या वाक्याला नुसती बरोबरची खूण आहे. दहाव्याला काहीच नाही, फक्त त्या जागी कागद थोडा फुगून सुकल्यासारखा आहे. खाली गोल करून लिहिलं आहेस, दहापैकी सात.

मी तो कागद तेजलला नेऊन दाखवला. शेजारच्या बाईंनाही दाखवला. त्यांनी विचारलं, मृण्मयी काय करते हो? मी सांगितलं, इंग्रजी शिकवते, चीनमधल्या नोकरदार माणसांना. त्या म्हणाल्या, अय्या, मग इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये कसली होती?

तीन मार्क कुठे कापलेस ते लिहिलेलं नाही. मी वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली, माझ्या हिशेबाने दोनच चुका मोठ्या आहेत. तिसऱ्या मार्काचं तू येऊन सांग. मी वाद घालणार नाही. घातला तर थोडाच.

तुझे पाठकोरे कागद संपत आले. हा शेवटून दुसरा. शेवटचा चौदावा धडा, तो मी देत नाही हे आधीच सांगितलं आहे.

आज सात तारीख. बाबा गेल्यापासून या घरात सात तारखेला देवापुढे काही ठेवलं नव्हतं. आज तुझा तो कागद परत तुझ्याच पाकिटात घातला, वर मार्च लिहिलं आणि ठेवला. संध्याकाळी दिवा लावला.

मी ते पाकीट उचलणार नाही. आपल्या घरचा नेम तुला माहीत आहे. ज्याने कमावलं त्यानेच उचलून माझ्या हातात द्यायचं. तोवर ते तिथेच राहील. रोज मी त्याच्या कडेने झाडून घेईन.

शाल उन्हात टाकून ठेवली आहे.

आई